फडणीस, सरवटे, मारिओ: रेषा आणि रोजीरोटी

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा एखादा दिवाळी अंक हाताशी असेल तर त्यातलं एक हास्यचित्र दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरा. काळा रंग सलग दिसला आणि रेघेच्या कडा जराशा खाल्लेल्या वाटल्या, तर ते चित्र लाइन ब्लॉकवरून, म्हणजे धातूच्या पत्र्यावर नुसत्या रेघा उठवलेल्या ठशावरून छापलेलं आहे. करड्या छटा दिसल्या आणि जवळून त्या ठिपक्यांच्या निघाल्या, तर हाफटोन. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्यंगचित्रकाराची शैली समजून घ्यायची तर सुरुवात इथून करावी, असं माझं ठाम मत आहे. त्याला काय सुचलं हे नंतर बघू. छापखाना काय छापू शकत होता आणि पैसे कोण देत होतं, हे आधी.

आर. के. लक्ष्मण यांच्यासारख्या दैनिकात नोकरी करणाऱ्या व्यंगचित्रकाराला जागा ठरलेली, वेळ ठरलेली, पगारही ठरलेला. दिवाळी अंक, मासिकं आणि प्रकाशक यांच्या भरवशावर चित्र काढणाऱ्याचं तसं नसतं. त्याचं गिऱ्हाईक दर चित्राला बदलतं, कामाचा मोसम जून ते सप्टेंबर, आणि मानधन अंक निघाल्यावर. हे ओझं रेषेवर दिसतं. शि. द. फडणीस, वसंत सरवटे आणि मारिओ मिरांडा हे तिघं एकमेकांच्या आगेमागे जन्मले (१९२५, १९२७ आणि १९२६) आणि तिघांनी या ओझ्याची तीन वेगळी उत्तरं काढली. म्हणून त्यांची चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघण्यात मजा आहे.

आधी ब्लॉकचं थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लेटरप्रेसच्या, म्हणजे उठावाच्या ठशाला शाई लावून छापण्याच्या काळात चित्राचा फोटो काढून तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवत आणि पत्रा नायट्रिक ॲसिडमध्ये खोदत. रेघा उंच राहत, बाकीचा भाग खाली जाई. ॲसिड फक्त खाली खात नाही, बाजूनेही खातं, त्यामुळे केसासारखी बारीक रेघ ब्लॉकवर तुटत असे. याच्या उलट अडचण शाईची. दोन रेघा फार जवळ असल्या की स्वस्त कागदावर शाई पसरून त्यांची एकच काळी पट्टी होई. चित्र साधारण दीडपट किंवा दुप्पट आकारात काढून छापताना लहान करत. म्हणजे मूळ चित्रात ०.३ मिलिमीटरची रेघ निम्म्या आकारात ०.१५ची होणार आणि रेघांमधलं ०.६ मिलिमीटरचं अंतर ०.३वर येणार. हा हिशेब ज्याच्या हातात मुरला नाही त्याच्या चित्रात सावलीच्या जागी काळे डाग पडत. हाफटोन ब्लॉक केला तर छटा मिळत, पण तो महाग आणि त्याला कागदही गुळगुळीत लागे. ब्लॉकचे पैसे चौरस इंचावर मोजले जात. साहजिकच संपादकाला हवं असे लाइन ब्लॉकवर निघणारं, लहान जागेत मावणारं चित्र. मराठी हास्यचित्रांतली स्वच्छ काळी रेघ ही आवड होती तशी सक्तीही होती.

सरवट्यांकडे या नजरेने बघा. जन्म कोल्हापूरचा, शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं, नोकरी एसीसी या सिमेंट कंपनीत. घर नोकरीवर चालत होतं, त्यामुळे चित्राकडून त्यांना पैशाची घाई नव्हती. याचा परिणाम त्यांच्या गिऱ्हाइकांच्या यादीत दिसतो: लेखकांची पुस्तकं आणि 'ललित'सारखी वाङ्मयीन मासिकं. जिथे मानधन बेताचं पण वाचक जाणता, तिथे ते रमले. पु. ल. देशपांडे आणि विजय तेंडुलकर यांच्या पुस्तकांना त्यांनी दिलेली चित्रं मजकुराची पुनरुक्ती करत नाहीत. लेखकाने सांगितलेला प्रसंग सोडून त्याच्या आधीचा किंवा नंतरचा क्षण ते पकडतात, किंवा लेखकाने ज्याला एका शब्दात उडवून लावलं त्या माणसाला खुर्चीवर बसवून नीट काढतात. 'रेषालेखक' हा शब्द त्यांना लागला तो म्हणूनच, आणि तो इतका नेमका आहे की त्याला पर्याय सुचत नाही.

जयवंत दळवी 'ललित'मध्ये 'ठणठणपाळ' या नावाने सदर लिहीत. त्या ठणठणपाळाला हातात हातोडा देऊन उभा केला सरवट्यांनी. हे उदाहरण थोडं थांबून बघण्यासारखं आहे. सदर साहित्यिकांची टिंगल करणारं, लेखक टोपणनावाआड. म्हणजे चित्रकाराला चेहरा नसलेल्या माणसाचा चेहरा काढायचा होता, आणि तो दर महिन्याला ओळखू यायला हवा होता. अशा वेळी अनुभवी चित्रकार चेहऱ्यावर विसंबत नाही, तो एक वस्तू शोधतो. लहान चौकोनातसुद्धा हातोडा डोळ्यांत भरतो, ब्लॉक कितीही वाईट निघाला तरी तो हातोडाच राहतो, आणि 'ठण' या आवाजाशी त्याचं नातं आपोआप जुळतं. पुढे पुढे तर हातोडा दिसला की नाव वाचायची गरज उरत नाही.

सरवट्यांची रेघ घोटीव नाही. ती विचार करत जाते, मधेच थबकते, कोपऱ्यावर वळताना जरा कडक होते. अर्कचित्रात (कॅरिकेचरमध्ये) हे जास्त कळतं. अर्कचित्र म्हणजे नाक मोठं करणं, अशी समजूत असते आणि नवशिक्याची चूक तिथेच होते. सरवट्यांनी काढलेले साहित्यिक बघताना चेहरा हाताने झाका आणि फक्त खांद्यांची ठेवण, मान, हात कुठे ठेवलेत एवढंच पाहा. बहुतेकदा माणूस तिथेच ओळखू येतो. 'ललित'ची दिवाळी मुखपृष्ठं त्यांनी अनेक वर्षं केली. ती एका नजरेत संपत नाहीत. साहित्यव्यवहार माहीत असेल तितका अर्थ निघत जातो, म्हणून त्या त्या वर्षी कोणत्या वादाने मराठी साहित्यविश्व तापलं होतं ते शोधून मग मुखपृष्ठ उघडावं. संदर्भ हरवला की हे चित्र निम्मं मुकं होतं. ही त्यांच्या शैलीची किंमत आहे आणि ती त्यांनी जाणून मोजली, असं मी मानतो.

फडणीसांनी नेमकी दुसरी वाट धरली. जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, तेही कमर्शियल आर्टचं. हा तपशील महत्त्वाचा आहे. जाहिरातीच्या चित्रकलेत पहिला धडा असतो तो लांबून आणि भरभर बघणाऱ्याला कळेल असं काढण्याचा. पुढे त्यांनी हास्यचित्र हाच पूर्णवेळ व्यवसाय केला. ज्याला पगार नाही त्याचं चित्र एकदा छापून संपलं तर परवडत नाही. ते पुन्हा पुन्हा कामी यायला हवं. फडणीसांच्या चित्रात शब्द नसतात, ताज्या बातमीचा संदर्भ नसतो, कुणा पुढाऱ्याचा चेहरा नसतो. म्हणून ती चित्रं शिळी होत नाहीत आणि भाषेच्या वेशीवर अडत नाहीत. 'व्यंग' सोडून 'हास्य' हा शब्द त्यांच्या चित्रांना जास्त शोभतो, कारण ती कुणाचं व्यंग काढत नाहीत.

'मोहिनी'च्या दिवाळी अंकावरचं त्यांचं गाजलेलं मुखपृष्ठ घ्या, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीचं. तरुणाच्या शर्टावर मांजरांची नक्षी, तरुणीच्या साडीवर उंदरांची. दोघं साळसूदपणे उभी. विनोद घडतो तो कापडावर, आणि माणसांना त्याचा पत्ता नाही. आता कल्पनेनेच त्यात बदल करून बघा. तरुणीच्या चेहऱ्यावर दचकल्याचा भाव आणला तर चित्र लगेच बाळबोध होतं. खाली एक ओळ लिहिली तर बघणारा आधी ओळ वाचेल आणि स्वतः शोधण्याचा आनंद जाईल. मागे गर्दी काढली तर नक्षीकडे लक्ष जाणार नाही. फडणीसांची बहुतेक चित्रं या शिस्तीने बांधलेली आहेत: एक गोष्ट अशक्य, बाकी सगळं अगदी रोजचं, आणि चित्रातली माणसं त्या अशक्य गोष्टीला रोजचंच समजून वागणारी.

रंगाचंही तसंच. सपाट रंग आणि त्याभोवती ठाशीव बाह्यरेषा हे त्यांचं वळण डोळ्यांना गोड लागतं, आणि त्या काळच्या रंगीत छपाईला ते मानवतही होतं. प्रत्येक रंगाचा ब्लॉक वेगळा, कागद प्रत्येक वेळी पुन्हा मशीनमध्ये जायचा, आणि एखादा रंग अर्ध्या-एक मिलिमीटरने सरकायचाच. बारीक बाह्यरेषा असेल तर सरकलेल्या रंगाशेजारी पांढरी फट दिसते. रेषा जाड असेल तर फट तिच्याखाली झाकली जाते. मऊ, उतरत्या छटांची मुखपृष्ठं जुन्या अंकांत मळकट दिसतात आणि फडणीसांची अजून टवटवीत, यामागे हेही एक कारण आहे.

त्या निःशब्दतेचा फायदा पुढे किती ठिकाणी झाला बघा. 'हसरी गॅलरी' या नावाने हीच चित्रं भिंतीवर गेली आणि गावोगावी प्रदर्शनं झाली. महाराष्ट्राच्या शालेय गणिताच्या पाठ्यपुस्तकांत त्यांची चित्रं आली, आणि गणिताला घाबरणाऱ्या मुलांनी निदान पुस्तक तरी उघडलं. गणिताला चित्र काढणं हे दिसतं तितकं सोपं नाही. विनोद जास्त झाला तर मूल आकडा विसरतं, आणि वस्तू मोजताना गोंधळ होईल अशी एकही रेघ चालत नाही. सात आंबे म्हणजे सातच दिसले पाहिजेत, पानाआड अर्धा आठवा नको.

इथे 'आवाज'मधल्या खिडक्यांविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मधुकर पाटकरांच्या या दिवाळी अंकाने मराठी घरात दंगा केला तो या खिडक्यांनी. वरच्या पानाला कापून भोक पाडलेलं. त्यातून खालच्या पानावरच्या चित्राचा तुकडा दिसतो आणि वरच्या चित्रात मिसळून भलताच अर्थ देतो. पान उलटलं की तो तुकडा अगदी निरागस वस्तूचा निघतो. रचनेच्या दृष्टीने हे अवघड काम आहे, कारण चित्रकार दोन चित्रं काढत असतो आणि एक तुकडा दोन्हीकडे खरा वाटावा लागतो. शिवाय कापलेल्या पानाची मागची बाजूही असते, तिथे त्याच जागी भोक आहे हे विसरलं की मागच्या मजकुराची ओळ तुटते. बांधणीत पान दोनेक मिलिमीटर सरकणार हे गृहीत धरून खालचा तुकडा चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त काढावा लागतो. खिडकीच्या काठावर नेमकी जुळलीच पाहिजे अशी रेघ आणू नये. बोट, मनगट, सरळ काठी ओलांडून नेली तर सांधा लगेच दिसतो. गोलाई, केस, कापडाच्या चुण्या नेल्या तर खपून जातं. जुना अंक मिळाला तर खिडकीची कड मुद्दाम तपासा.

मारिओंचं जग निराळं. जन्म दमणचा, घर गोव्यातल्या लोटलीचं, पदवी मुंबईच्या सेंट झेवियर्समधून इतिहासाची. कलाशाळेची पदवी नाही. आधी जाहिरातीच्या स्टुडिओत काम, मग 'इलस्ट्रेटेड वीकली' आणि टाइम्स समूह, मधे १९५९मध्ये गुलबेंकियन फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर लिस्बन आणि मग काही वर्षं लंडन. त्यांची खरी शाळा म्हणजे त्यांच्या चित्रमय रोजनिशा. १९४९ ते १९५१ या काळातल्या पुढे पुस्तकरूपाने निघाल्या आहेत. त्यांत रोजचं गाव आहे: पाद्री, बँडवाले, लग्नं, कुत्री, बाल्कनीतल्या बायका. पुढची सगळी गर्दी या वह्यांमधून आली. ठिपक्यांच्या झग्यातली मिस फोन्सेका असो वा पुढारी बंडलदास, त्यांच्या पात्रांना डोळे वटारून इकडेतिकडे बघायची सवय आहे ती तेव्हापासूनची.

मारिओंचं गर्दीचं चित्र बघताना बहुतेक लोक 'किती बारीक काम!' म्हणून पुढे सरकतात. तसं करू नका. आधी चित्र हाताच्या अंतरावर धरून डोळे किलकिले करा. पांढऱ्या जागा कुठे उरतात ते दिसेल, आणि मुख्य पात्रं तिथेच असतात. मग पोत पाहा. एका माणसाच्या कपड्यावर उभ्या रेघा, शेजारच्यावर चौकडी, तिसऱ्यावर ठिपके, चौथा कोरा. शेजारच्या दोन आकृत्यांना सहसा एकच पोत मिळत नाही, म्हणूनच सावली न वापरताही पन्नास माणसं एकमेकांत मिसळत नाहीत. मग नजरांचा माग घ्या. कोण कुणाकडे बघतोय ते जोडत गेलात की तीन-चार माणसांचे छोटे गट सुटे होतात आणि प्रत्येक गटाची आपली गोष्ट असते. शेवटी कुत्रं शोधा. गर्दीचं चित्र जमत नाही त्याचं कारण बहुधा हेच की चित्रकार पन्नास माणसं काढतो, बारा गोष्टी काढत नाही. कोलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर मारिओंची माणसं बसली आहेत, तिथे खुर्चीवर बसून हे सगळं निवांत करता येतं.

व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकरांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी आणि उरलेल्या वेळात चित्रं, म्हणजे वाट सरवट्यांची. पण भर निःशब्द चित्रावर. दिवाळीत पुण्याच्या नळस्टॉप चौकात उभं राहून ते वाहनचालकांना वाहतुकीच्या नियमांची स्वतः काढलेली शुभेच्छापत्रं वाटत. व्यंगचित्राचा वाचक सिग्नलला थांबलेला असतो तेवढ्या वेळात चित्र कळलं पाहिजे. ही कसोटी कोणत्याही अंकाहून कठोर आहे.

आता ही चित्रं जपण्याविषयी, कारण हल्ली बहुतेकांना ती मोबाइलवरच दिसतात आणि तिथे त्यांचे हाल होतात. अंकाचा तिरका फोटो, त्यावर व्हॉट्सॲपचं आकुंचन, आणि कडेची सही कापलेली. बारीक रेघा आधी जातात, मग रेघांची जाळी करडी होते, आणि सरवट्यांसारख्या रेघेचा चित्रकार गचाळ वाटू लागतो. घरातले जुने अंक स्कॅन करायचे असतील तर काळं-पांढरं चित्र ६०० डीपीआयला, ग्रेस्केलमध्ये करावं. पानामागे काळा कागद ठेवावा, म्हणजे मागच्या बाजूचा मजकूर पुढे उमटत नाही. मूळ प्रत टिफमध्ये ठेवावी, जेपेग फक्त पाठवण्यापुरती. रंगीत मुखपृष्ठावर स्कॅन केल्यावर जाळीदार नक्षी आली तर तो छपाईच्या ठिपक्यांचा दोष असतो. स्कॅनरमध्ये डीस्क्रीनची सोय असते ती मुखपृष्ठासाठी चालू करावी आणि रेखाचित्रासाठी आठवणीने बंद, नाहीतर रेघा मऊ पडतात. चित्रकाराची सही, अंकाचं नाव, वर्ष आणि पृष्ठ क्रमांक फाइलच्या नावातच लिहावा. अंक फाटला असेल तर सेलोटेप लावू नये, काही वर्षांत त्याचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. गंजलेल्या पिना ओढू नयेत, मागून टोकं सरळ करून अलगद काढाव्यात. अंक आडवे ठेवावेत आणि भिंतीला टेकवू नयेत, पावसाळ्यात भिंत ओल सोडते.

चित्र सापडलं म्हणून ते आपलं होत नाही, हेही सांगायला हवं. भारतात कलाकृतीचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ही मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून होते. चित्रकार दीनानाथ दलाल १९७१मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांचा २०३१ अखेरपर्यंत. मारिओ २०११मध्ये गेले, म्हणजे २०७१. सरवटे २०१६मध्ये, म्हणजे २०७६. तोवर त्यांच्या चित्रांचा कॉफीचा मग, कॅलेंडर किंवा टीशर्ट काढायचा तर परवानगी लागते.

आणि आज जे स्वतंत्रपणे चित्रं काढतात त्यांच्यासाठी १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या दोन कलमांवर सगळं अडतं. कलम १७ प्रमाणे पहिला मालक चित्रकारच असतो, पण पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं आणि वेगळा करार नसेल तर मालकी ते करवून घेणाऱ्याची ठरू शकते. रंगीत मुखपृष्ठाला कुणी 'पेंटिंग' म्हटलं की वाद सुरू. म्हणून करार लेखी हवा. कलम १९ सांगतं की हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. पानभर करार कुणी करणार नाही हे मान्य, पण काम घेतानाच्या ई-मेलमध्ये आणि पुढे बिलावर एवढं लिहायला एक मिनिट लागतं: 'अमुक दिवाळी अंकाच्या छापील आवृत्तीत एकदा वापरण्यासाठी. वेबसाइट, समाजमाध्यमं, पुनर्मुद्रण वेगळं. मूळ चित्र आणि इतर सर्व हक्क चित्रकाराकडे.' ई-मेलला संपादकाचा होकार मागवून घ्यावा, कारण करार दोघांचा असतो. बिल अंक निघाल्यावर पाठवण्यापेक्षा चित्राबरोबरच जाऊ द्यावं.

मूळ चित्र कागदावरचं असेल तर स्कॅन पाठवावा, कागद नाही. कागदच द्यावा लागला तर दोन पुठ्ठ्यांच्या मधे, गुंडाळी न करता. मागच्या बाजूला नाव, तारीख आणि कुणाला दिलं ते पेन्सिलने हलक्या हाताने लिहावं. बॉलपेनने लिहिलं की त्याचा दाब पुढे उमटतो, आणि प्रदर्शनात दिव्याखाली ती अक्षरं चित्रातल्या आकाशात वाचता येतात.